सासऱ्यांच्या माघारी: कागद, विधी आणि एक जन्मवर्ष

माझे सासरे 9 फेब्रुवारी 2023 ला मिनेसोटात गेले. लाओसमधल्या सवन्नाखेत प्रांतात, मेकाँगच्या काठी त्यांचं गाव. 1980 साली ते निर्वासित म्हणून अमेरिकेत आले, एकाच कारखान्यात रात्रपाळ्या करून निवृत्त झाले आणि अखेरच्या हिवाळ्यापर्यंत घरातल्या प्रत्येकाच्या गाडीचं ऑइल स्वतः बदलत राहिले. ते गेल्यावर जी कामं निघाली, त्यातली बरीचशी माझ्या वाट्याला आली. नवरा आणि नणंद खचले होते, सासूबाईंचं इंग्रजी कामापुरतं, आणि व्हिसा-ग्रीनकार्डामुळे फॉर्म भरायची मला सवय. इंटरनेटवर माहिती मिळायची, पण तुकड्या-तुकड्यांत. फ्युनरलची एकीकडे, पेन्शनची दुसरीकडे, अस्थी विमानातून नेण्याची तिसरीकडे. लाओ घरात या सगळ्याचा मेळ कसा घालायचा, हे कुठेच सापडलं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते.

पहाटे हॉस्पिटलमधल्या नर्सने हलक्या आवाजात विचारलं, कुठल्या फ्युनरल होमला कळवू? फ्युनरल होम म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारी संस्था. घरात कोणीच तो विचार केलेला नव्हता. हे त्याच क्षणी ठरवावं लागत नाही, हे आधी सांगते. हॉस्पिटलच्या शवागारात पार्थिव ठेवतात, तुम्ही वेळ मागून घेऊ शकता. आम्ही दुपारपर्यंत मागितला. तेवढ्यात विहारातल्या भन्तेंना, म्हणजे बौद्ध भिक्खूंना, फोन झाला आणि त्यांनी सुचवलेल्या ठिकाणी गेलो. तिथे लाओ कुटुंबांची ये-जा असते. उदबत्ती लावू देतात, संध्याकाळी उशिरापर्यंत हॉल देतात, घरचं जेवण आणू देतात, भिक्खूंसाठी उंच बैठक मांडून देतात. हे चारही प्रश्न आधी विचारून घ्या, कारण सगळीकडे ते चालत नाही.

दराचंही सांगते. अमेरिकेत 1984 पासून नियम आहे की, तुम्ही फ्युनरल होममध्ये जाऊन चौकशी केली तर त्यांनी छापील दरपत्रक हातात द्यायलाच हवं. ते घ्या, घरी आणा आणि शांतपणे वाचा. आम्हाला आधी दाखवलेल्या पॅकेजमध्ये भारी लाकडी पेटी होती. दहनच करायचं असेल तर पेटी भाड्याने मिळते, बाहेरून लाकडी आणि आत साधा खोका. दहनाला फक्त तो खोका जातो. त्या एका गोष्टीने बिल बरंच खाली आलं. पार्थिव टिकवण्याची प्रक्रिया, दोन संध्याकाळ हॉल, भाड्याची पेटी आणि दहन मिळून आम्हाला 8,400 डॉलर पडले. भन्तेंची सोय पाहून 16 आणि 17 ला संध्याकाळी परित्राणपाठ, म्हणजे भिक्खूंनी म्हणायचा सूत्रांचा पाठ, आणि शनिवारी 18 ला दहन, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म समोर आला. हा फॉर्म साधा वाटतो, पण लाओसहून आलेल्या माणसाच्या बाबतीत प्रत्येक ओळीला थांबावं लागतं. आईचं माहेरचं आडनाव काय? लाओसमध्ये आडनावं सक्तीची झाली ती 1943 साली, फ्रेंच अमलात, आणि खेड्यापाड्यांत ती रुळायला आणखी वेळ गेला. सासऱ्यांच्या आईला माहेरचं आडनाव नव्हतंच. तिथे सासूबाईंनी नुसतं नाव सांगितलं, आडनावाच्या जागी रेघ मारली, आणि ते चाललं. व्यवसायाच्या चौकोनात 'निवृत्त' लिहायचं नसतं, आयुष्यात सर्वांत जास्त काळ केलेलं काम लिहायचं. वंशाच्या यादीत भारतीयांसाठी वेगळा चौकोन होता. लाओंसाठी 'इतर आशियाई' आणि पुढे एक रिकामी ओळ होती. त्या ओळीत मी मोठ्या अक्षरांत 'लाओ' लिहिलं.

मग प्रश्न आला, अमेरिकी सैन्यात सेवा केली होती का? नाही. फॉर्म भरून घेणाऱ्या बाईंनी 'नाही'वर खूण केली आणि पुढे गेल्या. सासूबाई मात्र तिथेच थांबल्या. सासरे राजेशाही लाओ सैन्यात ट्रक चालवायचे, सवन्नाखेतहून सेनोच्या लष्करी तळावर आणि तिथून 9 नंबरच्या रस्त्याने पूर्वेकडे. तो रस्ता पुढे सेपोनला, म्हणजे उत्तर व्हिएतनामची युद्धाची रसद जायची त्या हो चि मिन्ह मार्गाच्या पट्ट्यात जातो. ज्या अमेरिकेच्या भरवशावर ते सैन्य उभं होतं, तिच्याच फॉर्मवर त्यांच्या त्या वर्षांना जागा नव्हती. नंतर विहारातल्या एका वृद्ध माजी सैनिकाने सुचवलं की फोर्ट स्नेलिंगच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळते का बघा. मी नियम वाचले. 2018 पासून लाओसमधल्या काही माजी सैनिकांना तो हक्क आहे खरा, पण त्यासाठी 2000 सालच्या खास कायद्याखाली नागरिकत्व मिळालेलं असावं लागतं, आणि तो कायदा अमेरिकेच्या पाठिंब्याने लढलेल्या गनिमी तुकड्यांसाठी होता. सासरे नियमित सैन्यातले, आणि 1988 सालीच नेहमीच्या मार्गाने नागरिक झालेले. ते बसत नव्हते. तुमच्या घरात कोणी त्या तुकड्यांमध्ये असेल, तर नागरिकत्वाचे कागद आजच काढून तपासून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जन्मतारखेवर. कागदोपत्री 1 जानेवारी 1950. सासूबाई म्हणाल्या, ते सशाच्या वर्षी, भात कापणीच्या दिवसांत जन्मले. लाओ लोक बारा प्राण्यांच्या नावांनी वर्षं मोजतात. त्यातलं सशाचं वर्ष म्हणजे 1951, आणि कापणी नोव्हेंबरातली. निर्वासितांच्या छावणीत तारीख सांगता न आलेल्या कितीतरी जणांच्या नावापुढे 1 जानेवारी लागली. मिनेसोटातल्या लाओ वडीलधाऱ्यांत हा वाढदिवस घरोघरी सापडेल. दाखल्यावर खरी तारीख लिहावी, असं नवऱ्याच्या मनात फार होतं. पण सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनचं खातं), नागरिकत्व, बँक, घर या सगळ्यांकडे 1950 आहे. दाखला त्यांच्याशी जुळला नाही तर पुढची प्रत्येक खिडकी अडवते. म्हणून दाखल्यावर कागदाची तारीख ठेवली, आणि आम्ही लिहिणार होतो त्या जीवनवृत्तात खरं वर्ष घालायचं ठरवलं. दाखल्याच्या प्रती भरपूर घ्या. मिनेसोटात पहिली 13 डॉलरला आणि सोबतच्या प्रत्येकी 6 डॉलरला मिळाल्या. बँका आणि विमा कंपन्या मूळ शिक्क्याचीच मागतात.

त्या आठवड्यात घर रात्रंदिवस भरलेलं होतं. लाओ रीत अशी की दुःखाच्या घरात माणसांनी यायचं, दिवे मालवायचे नाहीत, रात्र जागवायची. बायका स्वयंपाकघरात चिकट तांदूळ वाफवत होत्या, लाप, म्हणजे बारीक चिरलेल्या मांसाचा लाओ पदार्थ, कालवत होत्या. पुरुष बैठकीत पत्ते खेळत होते. येणारा प्रत्येक जण पाकीट देत होता, आणि नणंदेचा मुलगा दारातल्या टेबलावर वहीत नाव आणि रक्कम लिहीत होता, आपल्या लग्नातल्या आहेराच्या वहीसारखं. पुढे त्यांच्या घरी प्रसंग आला की हीच वही काढायची. आमच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग त्या पाकिटांतून निघाला. ते घ्यायला मी सुरुवातीला संकोचले, तेव्हा सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं की नाही म्हणणं म्हणजे त्यांचं पुण्य अडवणं.

मी सांगलीची, बौद्ध घरातली. आईचा फोन आला, "जलदान विधी कधी आहे गं?" मी सांगितलं, सातव्या दिवशी विहारात आणि मोठा शंभराव्या दिवशी. तिला वेगळं काही समजावावं लागलं नाही. भन्ते पाठ करतात, घरचे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाण्याची धार सोडतात आणि पुण्य गेलेल्या माणसाला अर्पण करतात. 2012 साली आमच्या लग्नासाठी सासरे सांगलीला आले होते. सभागृहात त्रिसरण सुरू झालं, तेव्हा भाषेचा एक शब्द न कळणारे ते माझ्या काकांच्या शेजारी हात जोडून खणखणीत आवाजात "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणाले. काका त्यांना त्यानंतर सोडायलाच तयार नव्हते. आईच्या हातचा ठेचा त्यांनी भाकरीशी खाल्ला आणि उरलेला बांधून मागितला. पुढे दर भारतवारीनंतर बॅग उघडायच्या आधी ठेच्याची चौकशी व्हायची.

जीवनवृत्त दहनाच्या दिवशी लाओ आणि इंग्रजी दोन्हींत वाचायचं होतं. वर्तमानपत्रात छापायचं तर ओळीवर पैसे पडतात आणि ते काही शे डॉलरांत जातात. फ्युनरल होमच्या वेबसाइटवर ते सेवेतच होतं, म्हणून तिथेच सविस्तर दिलं. माहिती मिळवायला त्या जागरणाच्या रात्रींसारखी दुसरी संधी नाही. ज्यांनी त्यांना तरुण पाहिलं होतं ती सगळी माणसं एका छताखाली होती, आणि बोलत होती. परवानगी घेऊन मी फोनवर आवाज रेकॉर्ड करत बसले. एक गोष्ट लवकर लक्षात आली. "कुठल्या साली?" विचारलं की वडीलधारी मंडळी गप्प होतात. "मोठी मुलगी तेव्हा चालत होती का?", "लावणी झाली होती की कापणी?", "कुठल्या प्राण्याचं वर्ष?" असं विचारलं की भराभर उत्तरं येतात. वर्षं नंतर आपण लावायची.

असं लावत लावत जे उभं राहिलं, ते थोडक्यात सांगते. 1973 ला लग्न. 1974 ला नणंदेचा जन्म. 2 डिसेंबर 1975 ला राजेशाही संपली आणि पथेट लाओ या साम्यवादी संघटनेची सत्ता आली. जुन्या सैनिकांना 'समना'ला, म्हणजे फेरशिक्षणाच्या छावणीत बोलावलं. सासरे थोड्या दिवसांसाठी म्हणून कपड्यांचा एक जोड घेऊन गेले आणि दोन वर्षांनी परत आले, तेही व्हिएतनामच्या सीमेकडच्या जंगलात लाकूड तोडून, मलेरियाने पोखरून. 1979 च्या पावसाळ्यात एका रात्री सासूबाईंच्या हातातली सोन्याची बांगडी नावाड्याला देऊन तिघं मेकाँग ओलांडून थायलंडला गेली. सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा खोलीतल्या पत्त्यांचा आवाज थांबला होता. नदी एवढी फुगलेली होती की पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि सासरे पूर्ण वेळ मुलीच्या तोंडाशी हात धरून होते, दाबला नव्हता, फक्त धरला होता. पुढे उबोनची छावणी, मग पानत निखोमचं केंद्र, आणि 1980 च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमार्गे मिनेसोटा. इथल्या एका ल्यूथरन चर्चने त्यांना बोलावून घेतलं होतं. त्या चर्चमधल्या, आता नव्वदी ओलांडलेल्या बाई फ्युनरलला आल्या. विमानतळावर आपण कोट घेऊन उभ्या होतो, हे त्यांना लख्ख आठवत होतं. सासऱ्यांच्या पायात रबरी चपला होत्या आणि बाहेर बर्फ पडत होतं.

नातवंडांचा प्रश्न होता, आजोबा निघालेच का? त्याचं उत्तर एका परिच्छेदात लिहिणं मला सगळ्यात जड गेलं. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, आणि न फुटलेले गोळे आजही शेतांत सापडतात. 1975 नंतर तीन लाखांवर माणसं देश सोडून गेली, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येतला साधारण दहावा माणूस. हे आकडे मी मुद्दाम घातले. आपलं घर सुटण्यामागे आजोबांचा काही दोष होता, अशी पुसटशी शंकाही त्या मुलांच्या मनात राहू नये असं मला वाटत होतं.

18 फेब्रुवारीच्या सकाळी नवऱ्याचं आणि दोन्ही भाच्यांचं मुंडण झालं. त्यांनी एका दिवसाची प्रव्रज्या घेतली, म्हणजे त्या दिवसापुरते भिक्खू झाले, आणि केशरी चीवर नेसले. पेटीला बांधलेला पांढरा दोरा हातात धरून भन्ते आणि ते तिघं पुढे चालले. घरच्या आम्ही बायका पांढऱ्या कपड्यांत मागे होतो. दहनाआधी नारळाच्या पाण्याने त्यांचा चेहरा पुसला. माझी पाळी आली तेव्हा हात थरथरत होते, पण सासूबाईंनी मनगट धरून कपाळापासून हनुवटीपर्यंत कसं फिरवायचं ते दाखवलं. रंगीत कागदात गुंडाळलेली नाणी उधळली, मुलांनी ती वेचली. यंत्राचं बटण घरच्या माणसाला दाबू देतात का, ते आधी विचारून ठेवा. आमच्याकडे नवऱ्याने दाबलं. उणे तापमानातही बाहेर पार्किंगमध्ये माणसं थांबून होती.

त्यानंतरचे महिने कागदांचे. मृत्यूची खबर सोशल सिक्युरिटीला फ्युनरल होमच कळवतं. पेन्शन आधीच्या महिन्याची पुढच्या महिन्यात येते. मृत्यूच्या महिन्याची रक्कम मात्र मिळत नाही, ती जमा झाली तर परत जाते, म्हणून त्या खात्यातले पैसे लगेच हलवू नका. सासऱ्यांची जानेवारीची रक्कम 8 फेब्रुवारीला, ते गेले त्याच्या आदल्या दिवशी आली होती आणि ती हक्काची होती. पैसे कुठल्या बुधवारी येतात ते जन्मतारखेवर ठरतं. त्यामुळे विहारातल्या 1 जानेवारीवाल्या बहुतेकांचे एकाच बुधवारी येतात. विधवेला मिळणारी वाढीव पेन्शन ऑनलाइन मागता येत नाही, फोनवर वेळ घ्यावी लागते, आणि आम्हाला ती वेळ पाच आठवड्यांनंतरची मिळाली. फोन लागल्या लागल्या लाओ दुभाषा मागा, तो फुकट असतो. सासूबाईंनी आपल्या भाषेत, आपल्या तोंडाने उत्तरं दिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. लग्नाचा दाखला नव्हता. 1973 च्या खेड्यातल्या लग्नाचा असणार कुठून? लग्नाला हजर असलेल्या दोन नातेवाइकांनी सही करून लिहून दिलं, ते चाललं. शिवाय 255 डॉलरची एकरकमी मदत असते. रक्कम लहान आहे, पण ती मागावी लागते आणि दोन वर्षांच्या आत.

घर दोघांच्या संयुक्त नावावर होतं. त्यासाठी कोर्टात जावं लागलं नाही, प्रतिज्ञापत्र आणि दाखल्याची प्रत काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कार्यालयात नोंदवली, शुल्क 46 डॉलर. अडचण आली आडनावाची. खरेदीखतात एक अक्षर जास्त होतं. प्रतिज्ञापत्रात "या नावानेही ओळखले जाणारे" म्हणून दोन्ही स्पेलिंगं लिहिली की काम होतं. बँकेतल्या त्यांच्या एकट्याच्या खात्यासाठी मिनेसोटात 75,000 डॉलरपर्यंत साधं शपथपत्र पुरतं, मात्र मृत्यूनंतर 30 दिवस थांबावं लागतं.

कपाट आवरताना वरच्या फळीवर आयसीएम अशी मोठी अक्षरं असलेली प्लास्टिकची पिशवी सापडली. आयसीएम म्हणजे निर्वासितांच्या विमानप्रवासाची व्यवस्था करणारी संस्था, आजची आयओएम. विमानतळावर लोकांना ओळखता यावं म्हणून प्रत्येक कुटुंबाच्या हातात ही पिशवी असायची. त्यात छातीचे एक्स-रे होते, प्रवेशाचे कार्ड होते, आणि तिकिटांचे पैसे हप्त्याने फेडल्याच्या पावत्या रबरबँड लावून ठेवल्या होत्या. विमानाचं भाडं कर्जाऊ असतं हे मला माहीतच नव्हतं. नव्या देशातल्या पहिल्या पगारापासून त्यांनी दर महिन्याला थोडं थोडं फेडलं होतं. खाली आणखी एक जाड पाकीट होतं, सासूबाईंच्या बहिणीचं कुटुंब, मग त्यांचा दीर, मग एक चुलतभाऊ. प्रत्येकाला छावणीतून आणण्यासाठी सासऱ्यांनी भरलेल्या नात्याच्या प्रतिज्ञापत्रांच्या कार्बन प्रती. रात्रपाळी करून आल्यावर दिवसा भरलेल्या. अक्षर शाळकरी मुलासारखं जपून काढलेलं आहे, एकही खाडाखोड नाही. मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बराच वेळ तिथेच बसून राहिले.

त्यावरूनच सरकारी फाइल मागवायचं डोक्यात आलं. प्रत्येक स्थलांतरिताची इमिग्रेशन खात्याकडे 'ए-फाइल' असते. माहिती अधिकाराखाली ती ऑनलाइन मागता येते आणि आम्हाला एक पैसाही लागला नाही. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर 'ए'ने सुरू होणारा नंबर असतो, तो लागतो. व्यक्ती हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडायचा, नाहीतर माहिती गोपनीय म्हणून अर्ज परत येऊ शकतो. नावाची सगळी स्पेलिंगं अर्जात लिहा. मी मार्चमध्ये अर्ज केला, जूनअखेरीला फाइल आली. काही ओळी काळ्या केलेल्या होत्या, पण गाभा होता.

त्यात छावणीतला फोटो होता. काळ्या पाटीवर खडूने केस नंबर, पाटी सासऱ्यांच्या हातात, शेजारी सासूबाई, मध्ये सहा वर्षांची नणंद डोळे बारीक करून बघतेय. सासरे इतके वाळलेले की नवऱ्याला ओळख पटायला वेळ लागला. आणि निर्वासित म्हणून नोंदणीच्या फॉर्मच्या आधीचा, हाताने लिहिलेला माहितीचा कागद होता. त्यावर जन्मवर्ष 1951 होतं. टाइप केलेल्या पुढच्या फॉर्मवर ते 1 जानेवारी 1950 झालं होतं. म्हणजे त्यांनी खरं वर्ष सांगितलं होतं. ते मधे कुणाच्या तरी टेबलावर बदललं, आणि त्यानंतरची त्रेचाळीस वर्षं ते दुसऱ्याच तारखेच्या सह्या करत राहिले. सासूबाईंना तो कागद दाखवला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, सशाचं वर्ष."

20 मे ला शंभरावा दिवस होता. सुदैवाने शनिवार आला, त्यामुळे लांबच्या गावांतूनही लोक आले. अर्ध्या अस्थी विहाराच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या. उरलेल्या गावी न्यायच्या, ही त्यांची इच्छा होती.

जानेवारी 2024 मध्ये निघालो. अस्थींची पेटी लाकडाची किंवा प्लास्टिकची घ्या. धातूच्या कलशातून एक्स-रे जात नाही आणि सुरक्षा तपासणीत अडवतात. पेटी सामानात न देता हातात ठेवली, सोबत मृत्यूचा दाखला आणि दहनाचं प्रमाणपत्र. विमान कंपनी आणि लाओ दूतावास, दोघांशी आधी बोललो होतो. त्या वेळी भारतीय पासपोर्टवर थायलंडला 30 दिवसांसाठी व्हिसा लागत नव्हता, आणि लाओसचा मला सीमेवरच 40 डॉलरमध्ये मिळाला. पासपोर्ट साइज फोटो आणि कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा जवळ ठेवा, मळक्या नोटा घेत नाहीत. बँकॉकहून विमानाने उबोन, तिथून व्हॅनने मुकदाहान, आणि पुलावरून बसने सवन्नाखेत. हा पूल 2006 च्या डिसेंबरात खुला झाला. बस तो काही मिनिटांत ओलांडते. सासूबाईंनी पेटी मांडीवर घेतली होती आणि त्या सासऱ्यांशी लाओमध्ये मोठ्याने बोलत होत्या, आता डावीकडे बघ, आता काठ आला. बसमधल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

गावच्या विहाराच्या आवारात सासूबाईंच्या दिरांनी आधीच विटा-सिमेंटचा छोटा स्तूप बांधून घेतला होता. खर्च आमच्या हिशेबाने 600 डॉलर. पाटीवर जन्मवर्ष 1951 कोरलं आहे.

परत आल्यावर जीवनवृत्त, फाइलमधले कागद, फोटो आणि वंशावळ मिळून एक पुस्तिका केली, एका बाजूला लाओ, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. लाओ लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे संगणक ओळ भलतीकडेच तोडतो. छापायच्या आधी लाओ वाचणाऱ्या माणसाकडून प्रत्येक पान तपासून घ्या. आमच्यासाठी हे काम विहारातल्या एका कॉलेजच्या मुलीने केलं. पहिल्या पन्नास प्रती मार्चमध्ये छापल्या. एक सवन्नाखेतला पाठवली, तर धाकट्या काकांचा फोन आला की वंशावळीत सासऱ्यांच्या मोठ्या बहिणीची पूर्ण शाखाच नाही. तिच्या सहा मुलांची नावं त्यांनी फोनवर एकेक करून सांगितली, मी लिहून घेतली. ती घालून दुसरी छपाई जूनमध्ये केली.